जुन्या मियाटाला टर्बो लावायचा की सुपरचार्जर?

जुनी माझदा मियाटा, म्हणजे दोन सीटची छोटी स्पोर्ट्स गाडी, घेतलेला माणूस वर्षभरात एका प्रश्नापाशी हमखास येतो. गाडी वळणांवर इतकी सुरेख धावते, मग हायवेच्या रॅम्पवर ट्रकच्या पुढे जाताना तिला दम का लागतो? उत्तर साधं आहे. १९९० च्या अमेरिकी मॉडेलमधलं १.६ लिटरचं इंजिन ६५०० आरपीएमला ११६ हॉर्सपॉवर देतं, आणि तेही नवं असताना. तीस-पस्तीस वर्षांनी त्यातले किती घोडे उरले असतील कोण जाणे. मग इंटरनेटवर शोधाशोध सुरू होते आणि लोक लगेच दोन तटांत वाटले जातात: टर्बोवाले आणि सुपरचार्जरवाले. ही दोन्ही इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी यंत्रं.

हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी आहे. गाडी म्हणून मी एनए (१९८९ ते १९९७) आणि एनबी (१९९८ ते २००५) या दोन पिढ्या धरल्या आहेत. हीच गाडी ब्रिटनमध्ये एमएक्स-५ आणि जपानमध्ये सुरुवातीला युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टर्बो की सुपरचार्जर हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात, पण त्याचा नंबर बराच मागे आहे. आधीच्या प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे दिलीत तर तो बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

पायरी १: इंजिन या लायक आहे का ते बघा

जादा हवा कोंबल्याने इंजिन सुधारत नाही. त्यात जे दुखणं लपलेलं असतं ते बाहेर येतं. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजा. इंजिन गरम असावं, चारही स्पार्क प्लग काढलेले असावेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टर फिरवावा. निरोगी १.६ मध्ये आकडे १७० ते १९० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) दरम्यान येतात. त्याहून महत्त्वाचा आहे चार सिलिंडरांमधला फरक, तो १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर मागे पडत असेल तर लीक-डाउन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरात हवा भरून ती कुठून गळते ते बघा. हवा ऑइलच्या झाकणातून येते, सायलेन्सरमधून येते की रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात, यावरून रिंग, व्हॉल्व्ह की हेड गॅस्केट ते कळतं.

१९९० ची आणि १९९१ च्या सुरुवातीची गाडी असेल तर आणखी एक तपासणी आहे. त्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड होतं. लोक त्याला शॉर्ट-नोज म्हणतात. पुढच्या पुलीच्या तोंडावरच्या खाचा मोजा: चार दिसल्या तर शॉर्ट-नोज, आठ दिसल्या तर नंतरचा सुधारलेला क्रँक. शॉर्ट-नोजमध्ये मधला बोल्ट सैल झाला की पुलीला क्रँकवर अडकवणाऱ्या खुंटीची खाच झिजते, पुली डगमगते आणि टायमिंग (झडपा आणि ठिणगीची वेळ) बिघडतं. सुपरचार्जरचा पट्टा याच टोकाला ओढ देतो, हे लक्षात ठेवा. शॉर्ट-नोज इंजिनावर सुपरचार्जर लावायला मी तरी सांगणार नाही.

कूलिंगकडे वेगळं बघावं लागतं आणि त्यामागे मजेदार कारण आहे. हे इंजिन मुळात माझदा ३२३ च्या घराण्यातलं, म्हणजे पुढच्या चाकांच्या गाडीत आडवं बसवण्यासाठी आखलेलं. मियाटात ते उभं फिरवलं, पण पाण्याची ये-जा इंजिनाच्या पुढच्याच टोकाला राहिली. परिणामी मागचा चौथा सिलिंडर इतरांपेक्षा गरम चालतो. साध्या वापरात याने काही बिघडत नाही. बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) लावून उन्हात ट्रॅकवर वीस मिनिटं पळवलीत तर बिघडतं. त्यावरचा उपाय म्हणजे पाण्याचा बाहेर जायचा रस्ता हेडच्या मागच्या बाजूने काढणं, ज्याला कूलंट रीरूट म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीला तो लगेच लागत नाही, पण रेडिएटर नवा हवा आणि बंपरखालचं प्लास्टिकचं आवरण जागेवर हवं. जुन्या गाड्यांत ते आवरण हरवलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ते नसलं की समोरून येणारी हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून निसटते.

पायरी २: किती ताकद आणि कोणत्या आरपीएमला

इथे थोडं गणित आहे, पण ते टाळू नका. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम भागिले ५२५२ (टॉर्क पौंड-फुटांत). २०० पौंड-फूट टॉर्क ३५०० आरपीएमला मिळाला तर १३३ हॉर्सपॉवर होतात. तोच टॉर्क ७००० ला मिळाला तर २६७. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) आणि गिअरबॉक्सचे दात मोडायला मुख्यतः टॉर्क कारणीभूत असतो, त्यातही खालच्या आरपीएमला अचानक येणारा. मियाटाच्या कारखान्यातल्या रॉडसाठी जाणकार साधारण २०० पौंड-फुटांच्या आसपास, म्हणजे २७० न्यूटन-मीटरच्या घरात, सावधगिरीची रेघ ओढतात. त्या पुढे इंजिन टिकतं ते नशिबाने आणि चांगल्या ट्यूनिंगने, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी नीट जुळवण्याने.

रॉडच्या आधी मोडणारी एक गोष्ट १.६ मध्ये आहे: मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा). १९९३ पर्यंतच्या गाड्यांत तो लहान, सहा इंची गिअरचा आहे. १९९४ मध्ये १.८ इंजिन आलं तेव्हा माझदाने सात इंची दिला आणि काही मॉडेलांत टॉर्सन प्रकारचा लिमिटेड-स्लिपही (एकच चाक नुसतं फिरू न देणारा) दिला. क्लचप्लेटही २०० मिलीमीटरवरून २१५ वर गेली आणि पुढच्या ब्रेक डिस्क मोठ्या झाल्या. १.६ ला बूस्ट द्यायचा म्हणजे १.८ चा डिफरन्शियल, क्लच आणि ब्रेक हा खर्च धरूनच चाला. हे सगळं जोडल्यावर बरेच जण थबकतात आणि सरळ १.८ चं इंजिन आणून बसवतात. तो वेडेपणा नाही. कोणत्या वर्षाचं इंजिन यावर बारा ते पंचवीस घोडे वाढतात, जादा उष्णता नाही, ट्यूनिंगची कटकट फारशी नाही. ‘थोडी तरी चपळ व्हावी’ एवढीच इच्छा असेल तर हा लेख इथेच सोडून त्या वाटेने जा.

पायरी ३: दोन्ही यंत्रं नेमकं काय करतात

इंजिनात जास्त हवा कोंबायची आणि त्या प्रमाणात जास्त पेट्रोल द्यायचं, एवढंच काम दोघांचं. फरक आहे तो कोंबायची ताकद कुठून आणायची यात.

सुपरचार्जर पट्ट्याने क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. मियाटासाठी त्याचे दोन प्रकार महत्त्वाचे. पहिला रूट्स, म्हणजे मुख्यतः ईटन कंपनीचे एम४५ आणि एम६२. उसाच्या चरकासारखे दोन रोटर एकमेकांत अडकून फिरतात, पण हवा त्यांच्या मधून पिळली जात नाही. ती रोटरांच्या बाहेरच्या कडेने ढकलली जाते आणि पुढे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) गर्दी होऊन दाब वाढतो. एम४५ एका फेऱ्यात ४५ घन इंच, म्हणजे साधारण पाऊण लिटर हवा पुढे देतो. १.६ चं इंजिन एका फेऱ्यात ०.८ लिटर ओढतं. म्हणून सहा पीएसआय दाब हवा असेल तर सुपरचार्जर इंजिनाच्या दीडपट किंवा जास्त वेगाने फिरवावा लागतो. पुलीचा आकार लहान-मोठा करून बूस्ट कमी-जास्त होतो तो असा. या प्रकाराचं वैशिष्ट्य म्हणजे दोन हजार आरपीएमलाही ढकलणं सुरू असतं. पायाचा अंगठा हलला की गाडी हलते.

दुसरा प्रकार सेंट्रिफ्युगल. त्यातला मियाटावर जास्त दिसणारा म्हणजे डेन्मार्कच्या रॉट्रेक्स कंपनीचा. हा पट्ट्यावर चालतो, पण आत टर्बोसारखंच हवेचं चाक असतं. त्याचा दाब आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७००० ला १० पीएसआय देणारा सेंट्रिफ्युगल ३५०० ला जेमतेम अडीच देतो. खाली गाडी जवळजवळ मूळ गाडीसारखीच वागते आणि वर गेल्यावर सुटते. ऐकायला हे गैरसोयीचं वाटतं, पण पायरी २ मधलं गणित आठवा. टॉर्क वरच्या आरपीएमला येतो, म्हणजे रॉड आणि गिअरबॉक्स सुखात राहतात आणि तरी घोडे भरपूर मिळतात. याला स्वतःचं वेगळं तेल आणि छोटा तेल-कूलर लागतो, तेवढं बघावं लागतं.

टर्बो एक्झॉस्टच्या गरम वायूवर चालतो. तो वायू टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा कोंबतं. वायूचा प्रवाह पुरेसा होईपर्यंत थोडी वाट बघावी लागते. हाच तो सुप्रसिद्ध लॅग. मात्र मियाटासाठी निवडले जाणारे लहान टर्बो, उदाहरणार्थ गॅरेटचा जीटी२५६०आर, तीन-साडेतीन हजाराच्या आसपास चांगला दाब देऊ लागतात. बूस्ट किती यायचा ते वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला टाळून सोडणारी झडप) ठरवतो, आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक ताबा ठेवला तर प्रत्येक आरपीएमला वेगळा बूस्ट देता येतो. माझ्या दृष्टीने टर्बोचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. खाली टॉर्क आवरून धरायचा आणि वर सोडायचा, हे पुली न बदलता संगणकावर बसून करता येतं.

खुद्द माझदाने मियाटाला कारखान्यात बूस्ट दिला तेव्हा टर्बोच निवडला. २००४-०५ च्या माझदास्पीड मियाटात १७८ हॉर्सपॉवर होते. त्याआधी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बीबीआर कंपनीचा टर्बो संच माझदाच्या विक्रेत्यांकडून वॉरंटीसह मिळायचा आणि त्यात १५० हॉर्सपॉवर होते. हे दोन्ही आकडे बघा. कारखान्याच्या जबाबदारीवर गाडी विकणारे लोक किती बेताने वागले ते त्यातून कळतं. पहिल्याच खेपेला अडीचशे घोड्यांची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

पायरी ४: उष्णतेचा हिशोब

हवा दाबली की तापते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे फायदा घटतो. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या हवेने नॉकिंगचा धोका वाढतो: ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेट्रोल भलत्या जागी आपोआप पेट घेतं, पिस्टनवर हातोडे बसल्यासारखे झटके बसतात. बूस्ट लावलेली इंजिनं मरतात त्यातली बरीचशी याने.

बाहेर ३० अंश सेल्सियस आहे आणि ८ पीएसआय बूस्ट आहे असं धरू. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा ८७ अंशांच्या आसपास असते. जुन्या रूट्सची ५० टक्के धरली तर ११०. आता टर्बोच्या वाटेत ठीकठाक इंटरकूलर (कोंबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) टाकला, तर तो ८७ ची ४५ ते ५० पर्यंत आणतो. मियाटाच्या पुढच्या तोंडात इंटरकूलर छान मावतो आणि बहुतेक टर्बो संचांत तो असतोच. रॉट्रेक्सलाही तो सहज जोडता येतो. जुन्या एम४५ संचात इंटरकूलर नसायचा. त्यातला हॉट-साइड म्हणून ओळखला जाणारा संच तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूलाच बसतो. पाच-सहा पीएसआय, थंड सकाळ आणि छोटे झटके एवढ्यावर तो मजेत चालतो. ॲरिझोनातल्या जुलैत ट्रॅकवर नेलात तर तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून गाडी सुस्त होते.

टर्बोची उष्णता वेगळ्या जागी असते. हवा थंड असते, पण बॉनेटखाली लाल होणारं लोखंड येतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड (तो इंजिनाला धरून ठेवणारे आट्यांचे दांडे) सैल होणं ही मियाटा टर्बोवाल्यांची जुनी तक्रार आहे. ट्रॅकवर जाणारे लोक इन्कोनेल नावाच्या मिश्रधातूचे महाग स्टड घेतात आणि त्यात कंजुषी करत नाहीत. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग यांना उष्णतारोधक आवरण घालावं लागतं.

पायरी ५: पहिला पैसा ईसीयू आणि इंधनावर

या पायरीवर मी सगळ्यात हटवादी आहे. टर्बो स्वस्तात मिळाला म्हणून आधी तो आणणाऱ्यांच्या गाड्या गॅरेजात वर्षानुवर्षं उभ्या राहतात.

१.६ मियाटात हवा मोजायला झडपवाला मीटर आहे. झडप पूर्ण उघडली की त्यापुढे किती हवा आली हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळतच नाही. मूळ ईसीयूतला प्रोग्रामही तसा बदलता येण्यासारखा नाही. जुन्या काळचे संच यावर जुगाड करायचे: बूस्ट वाढला की पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लावायचा आणि टायमिंग थोडं मागे ओढायचं. चालायचं ते, पण आज ते करण्यात अर्थ नाही. मेगास्क्वर्ट, एमई२२१, हॉलटेक अशांपैकी मियाटाच्या प्लगमध्ये थेट बसणारा ईसीयू घ्या.

इंजेक्टरचा हिशोब घरी करता येतो. बूस्टवर एका हॉर्सपॉवरला ताशी सुमारे ०.६ पौंड पेट्रोल धरा. २०० हॉर्सपॉवर म्हणजे १२० पौंड. चार इंजेक्टर आणि प्रत्येक जास्तीत जास्त ८० टक्के वेळ उघडा, म्हणजे १२० भागिले ३.२, साडेसदतीस पौंड ताशी. त्याला १०.५ ने गुणलं की मिनिटाला साधारण ३९४ सीसी. १.६ चा मूळ इंजेक्टर दोनशे आणि थोडं वर एवढाच आहे. म्हणजे चारशेच्या वरचे चार इंजेक्टर आणि जोडीला मोठा पेट्रोल पंप लागणार. स्पार्क प्लग एक पायरी थंड, एनजीके कंपनीच्या भाषेत सहाच्या जागी सात नंबरचे, आणि फट १.१ मिलीमीटरवरून ०.७-०.८ वर आणलेली. नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते.

वाइडबँड सेन्सरशिवाय (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) गाडी चालवूच नका. सामान्य वेळी हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ असतं. पूर्ण बूस्टवर ते साडेअकराच्या आसपास दिसायला हवं. तेरा दिसलं की पाय काढा.

आता क्रमाची गोष्ट. ईसीयू, इंजेक्टर आणि वाइडबँड आधी बसवा आणि बूस्टशिवाय काही आठवडे गाडी चालवा. थंडीत सुरू होते का, सिग्नलला बंद पडते का, एसी लावला की आयडल डळमळतं का, हे सगळं तेव्हाच निस्तरून घ्या. मग टर्बो किंवा सुपरचार्जर बसवल्यावर काही बिघडलं तर शोधायला एकच जागा उरते. सगळं एकाच शनिवार-रविवारी बसवणारे नंतर महिनोन्महिने कुठला दोष कशाचा हे शोधत राहतात.

पेट्रोलबद्दल एक तळटीप: अमेरिकी पंपावरचा ९१ हा ऑक्टेनचा (नॉकिंग न होऊ देण्याच्या क्षमतेचा) आकडा दोन मापनांची सरासरी असतो. युरोप आणि भारतातल्या पद्धतीने तेच पेट्रोल साधारण ९५-९६ ठरतं. परदेशी लेखातला ट्यून वाचताना हे विसरलात तर महागात पडेल.

पायरी ६: तुमच्या गावचा कायदा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी निवड बरीचशी सरकारनेच केलेली आहे. तिथे उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या बाहेरच्या भागाला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक (मंजुरीचा क्रमांक) लागतो आणि स्मॉग चाचणीत तपासनीस बॉनेट उघडून बघतो. तुमच्या नेमक्या वर्षाच्या गाडीसाठी क्रमांक असलेला संच शोधा. मंजुरी संपूर्ण संचाला असते, त्यात स्वतंत्र ईसीयू टाकलात की ती गेली. स्टिकर जपून ठेवा. जुना संच वापरलेला घेताना स्टिकर नसेल तर किंमत त्या हिशोबाने पाडून मागा.

न्यू जर्सीत १९९५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना नियमित तपासणीतून सूट आहे, त्यामुळे एडिसनच्या मंडळींचं काम सोपं. तरी उत्सर्जनाची यंत्रणा काढून टाकण्याला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहू द्या. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो. न कळवता अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. कोटेशन आधी घ्या, संच नंतर.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांना वाईट बातमी. मियाटा भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही आणि तीन वर्षांहून जुनी गाडी साध्या मार्गाने आयात करता येत नाही. हाताशी दुसरी एखादी जुनी स्पोर्ट्स गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

पायरी ७: आता निवडा

नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवर टेल ऑफ द ड्रॅगन नावाचा रस्ता आहे. ११ मैलांत ३१८ वळणं. अशा रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, वळणातून बाहेर पडताना हलकेच ॲक्सिलरेटर देणं हीच तुमची मजा असेल, ट्रॅकवर जायचं नसेल आणि पाच-सहा पीएसआयवर समाधान असेल, तर रूट्स सुपरचार्जर घ्या. गाडी मोठ्या इंजिनाची वाटते, स्वभाव बदलत नाही. बसवायलाही सोपा: तेलाची नळी ओढायची नाही, एक्झॉस्टला हात लावायचा नाही. पट्टा घसरतो का यावर मात्र लक्ष ठेवावं लागतं. वापरलेला एम४५ घेताना रोटर हाताने फिरवून बघा, खरखर नको, आणि पुढच्या बेअरिंगची कुरकुर ऐका.

ट्रॅक डे हेच वेड असेल तर रॉट्रेक्स. महाग आहे, पण वीस मिनिटांच्या फेऱ्यांत तापमान आणि टॉर्क दोन्ही आवाक्यात राहतात. मागच्या चाकांना अचानक झटका बसत नाही, त्यामुळे वळणाच्या मध्यावर गाडी भरवशाची वागते.

बाकी बहुतेकांसाठी, म्हणजे रस्ता जास्त आणि ट्रॅक कधीतरी, थोडं शिकायची तयारी, कायद्याची आडकाठी नाही, अशांसाठी माझं मत लहान टर्बोच्या बाजूने आहे. त्याच पैशात जास्त ताकद मिळते, भाग सगळीकडे मिळतात, पुढे बूस्ट वाढवता येतो आणि मुख्य म्हणजे कमीही करता येतो. सुरुवात चाकांवर १७०-१८० हॉर्सपॉवरने करा. हजार किलोच्या आसपासच्या गाडीला हे पुष्कळ झालं. मोठा टर्बो ‘पुढे लागेल म्हणून’ घेऊ नका, लॅग आजच भोगावा लागतो आणि ते ‘पुढे’ बहुधा येत नाही.

कुठलाही पर्याय घ्या, अर्धवट वापरलेले संच टाळा. ‘नव्वद टक्के भाग आहेत’ अशा जाहिरातीतले उरलेले दहा टक्के म्हणजे नेमका तो एक ब्रॅकेट असतो जो आता कोणी बनवत नाही. आणि एकूण बजेट संचाच्या किमतीच्या दुप्पट धरा. क्लच, डिफरन्शियल, रेडिएटर, ईसीयू, डायनोवरचं (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं) ट्यूनिंग, हे सगळं त्यात येतं.

पायरी ८: बसवताना आणि पहिल्या सुरुवातीला

टर्बोसाठी तेलाची परतीची नळी ऑइल पॅनमध्ये भोक पाडून जोडावी लागते. ती जाड हवी, सतत उताराची हवी, कुठे मुरड किंवा सपाटी नको. टर्बोतून तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. नळी अडली की तेल सीलमधून बाहेर पडतं, निळा धूर येतो आणि लोक बिचाऱ्या टर्बोला दोष देतात. भोक पाडताना पॅन गाडीवरच असेल तर ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लावा, नंतर आतून स्वस्तातलं तेल ओतून कीस बाहेर धुवून काढा. पॅन काढून केलंत तर उत्तमच, पण मियाटात ते सोपं काम नाही.

पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टर आणि इग्निशनच्या वायरचे प्लग काढून ठेवा आणि तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा. मग सगळं जोडून सुरू करा. टायमिंग लाइटने बेस टायमिंग तपासा: ईसीयू दहा अंश म्हणतो तेव्हा पुलीवरही दहाच दिसले पाहिजेत. हे न जुळता केलेला प्रत्येक ट्यून खोटा असतो. पहिले काही दिवस फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, इलेक्ट्रॉनिक बूस्ट बंद ठेवून चालवा. प्रत्येक फेरीचा लॉग (ईसीयूची नोंद) ठेवा आणि तिसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून केलेली एक धाव बघा: हवा-पेट्रोल प्रमाण, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इंजेक्टर किती टक्के उघडा आहे. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर गेला तर बूस्ट खाली आणा.

टर्बो असो वा सुपरचार्जर, डायनोवर ज्याने मियाटा आधी केल्या आहेत असाच ट्यूनर शोधा. त्याला सांगा की जास्तीत जास्त आकडा नको, उन्हाळ्यातल्या साध्या पंपाच्या पेट्रोलवर चालणारा ट्यून हवा आणि टॉर्क २०० पौंड-फुटांच्या खाली ठेव. चांगला ट्यूनर यावर खूश होतो. जो हिरमुसतो त्याच्याकडे गाडी देऊ नका.

पहिल्या पाचशे मैलांनंतर तेल बदला आणि फिल्टर कापून आत चमकणारा कीस आहे का बघा. मॅनिफोल्डचे नट, टर्बोचे बोल्ट आणि इंटरकूलरच्या नळ्यांचे क्लॅम्प गाडी थंड असताना पुन्हा आवळा. सुपरचार्जर असेल तर पट्ट्याचा ताण बघा, नवा पट्टा थोडा सैल होतोच. प्लग काढून त्यांच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळे किंवा चकचकीत बारीक ठिपके दिसतात का तपासा. दिसले तर नॉकिंग होऊन गेलं आहे. गाडी उभी करा, लॉग ट्यूनरला पाठवा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कामावर बसने जा.